‘तपासणीचा अधिकार राहील’ एवढ्या ओळीवर सही करू नका

तुम्ही दोन मसुद्यांतली दोन वाक्यं पाठवलीत. पहिलं घर बांधून घेण्याच्या करारातलं: ‘मालकास कामाची तपासणी करण्याचा अधिकार राहील.’ दुसरं, बांधायच्या भानगडीत न पडता तयार घरच घ्यायचं ठरलं तर ज्यावर सही करावी लागेल, त्या करारातलं: ‘खरेदीदाराने मिळकत प्रत्यक्ष पाहिली असून तिच्या स्थितीबाबत त्याचे समाधान झाले आहे.’ ही वाक्यं ठीक आहेत का, आणि त्यांच्या आजूबाजूला येणाऱ्या होल्ड पॉइंट, डिफेक्ट लायबिलिटी, सुप्त दोष वगैरे शब्दांचा नेमका अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं वाक्य तुमच्या बाजूचं वाटतं, पण ते जवळजवळ पोकळ आहे. दुसरं निरुपद्रवी वाटतं, आणि खरा दंश त्यातच आहे.

मी वीसेक वर्षं साइटवर तपासणीचं काम केलं. अलीकडे करारातल्या तांत्रिक अटी लिहिणं आणि वाद झाला की तांत्रिक मत देणं, हेच जास्त करतो. या दोन्ही कामांतून एक सवय लागली. करारात ‘तपासणी’, ‘पाहणी’, ‘मान्यता’, ‘समाधान’ असा कुठलाही शब्द आला की मी एकच गोष्ट शोधतो: हे पाहून झाल्यावर, सापडलेला किंवा नजरेतून सुटलेला दोष कोणाच्या पदरात पडणार? कलम याचं उत्तर देत नसेल तर ते तुम्हाला साइटवर येऊन फक्त बघायची मुभा देतं. तेवढी मुभा तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही असते.

बांधकामापासून सुरुवात करू. या कामाची गंमत अशी, की जे सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटी झाकलं जातं. पायाखालची जमीन, स्लॅबमधल्या सळ्या, भिंतीतले पाइप, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. रंग, दरवाजे, टाइल्स मात्र शेवटपर्यंत डोळ्यांसमोर असतात, म्हणून मालकाची तपासणी बहुधा त्यांचीच होते. त्यामुळे तपासणीच्या कलमाला खरा अर्थ येतो तो ‘केव्हा’ या शब्दाने.

एका घराच्या वादात मला बोलावलं होतं. बाथरूमच्या खालच्या छताला ओल येत होती. करारात ‘मालक केव्हाही तपासणी करू शकेल’ असं ऐसपैस वाक्य होतं. वॉटरप्रूफिंग शुक्रवारी संपलं, शनिवारी दुपारी फरशी बसली, आणि मालक नेहमीप्रमाणे रविवारी आला. ठेकेदार म्हणाला, पाणी साठवून चाचणी घेतली होती. निदान २४ तास पाणी ठेवायचं म्हटलं तर ते गणित जमत नव्हतं. पण ती चाचणी करारात लिहिलेली नव्हती आणि फरशी बसवण्याआधी मालकाला कळवायची अटही नव्हती. मग प्रश्न उरला फरशी कोणाच्या खर्चाने फोडायची याचा, आणि त्यावरही करार गप्प. ‘केव्हाही’ या शब्दाने त्या मालकाला रविवार सोडून काही दिलं नाही.

यावरचा उपाय जुना आहे. साइटवर त्याला होल्ड पॉइंट म्हणतात. म्हणजे कामातला असा टप्पा, जिथे लेखी मंजुरी मिळेपर्यंत काम थांबवून ठेवायचं. त्याचा धाकटा भाऊ विटनेस पॉइंट: इथे ठेकेदाराने कळवायचं, तुम्ही आलात तर तुमच्यासमोर, नाही आलात तर तुमच्याशिवाय काम पुढे जातं. हे दोन शब्द करारात अनेकदा एकमेकांच्या जागी टाकलेले दिसतात. फरक मात्र फार मोठा आहे. होल्ड पॉइंटवर तुमचं मौन म्हणजे ‘नाही’, विटनेस पॉइंटवर तुमचं मौन म्हणजे ‘हो’.

मग सगळेच होल्ड पॉइंट का ठेवू नयेत? कारण प्रत्येक थांब्याला वेळ लागतो, आणि तुमच्यामुळे काम अडलं तर ठेकेदार मुदतवाढ मागणार, मजुरांचा बसून राहण्याचा खर्चही मागणार. साध्या घराला मी पाच-सहा होल्ड पॉइंट पुरेसे मानतो: पायाचा खड्डा खोदून झाल्यावर काँक्रीट टाकण्याआधी, प्रत्येक स्लॅबची सळ्यांची बांधणी झाल्यावर, भिंतीत दडवलेल्या पाण्याच्या पाइपांची दाबचाचणी झाल्यावर, प्लास्टरच्या आधी, बाथरूम आणि गच्ची यांच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून झाल्यावर, फरशीच्या आधी. बाकीचं विटनेस पॉइंटवर सोडावं.

आता सूचनेच्या मुदतीकडे. ‘ठेकेदार कळवेल’ एवढंच असेल तर तो स्लॅबच्या आदल्या रात्री अकरा वाजता मेसेज टाकेल, आणि तांत्रिकदृष्ट्या त्याने कळवलेलं असेल. किती तास आधी, कोणाला, कोणत्या मार्गाने, हे लिहिलेलं हवं. त्याहून महत्त्वाचं, कळवूनही तुम्ही गेला नाहीत तर काय, हेही लिहिलेलं हवं. फिडिक, म्हणजे सल्लागार अभियंत्यांचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, त्याच्या १९९९च्या बांधकाम करारात चाचण्यांबद्दल अशी तरतूद आहे: मालकाने नेमलेल्या अभियंत्याने चाचणीला हजर राहायचा इरादा किमान २४ तास आधी कळवायचा, ठरल्या वेळी तो आला नाही तर ठेकेदार चाचणी उरकू शकतो, आणि ती अभियंत्याच्या समोरच झाली असं मानलं जातं. हे ‘असं मानलं जातं’ म्हणजे करारातलं सगळ्यात धोक्याचं क्रियापद. जे घडलंच नाही ते घडलं असं ते ठरवून टाकतं. मसुदा वाचताना पेन्सिल घ्या आणि ‘मानले जाईल’, ‘गृहीत धरले जाईल’, ‘समजण्यात येईल’ ही प्रत्येक जागा गोल करा. निम्मं वाचन तिथेच होतं.

झाकलेलं काम पुन्हा उघडण्याबद्दल दोन प्रश्न एकत्र येतात आणि ते वेगळे ठेवावे लागतात. न कळवता काम झाकलं, तर उघडणं आणि परत पूर्ववत करणं हे ठेकेदाराच्या खर्चाने. फिडिकचा करार हेच सांगतो, आणि याबद्दल फारसं भांडण नसतं. पण कळवून, दाखवून झाकलेलं काम नंतर शंका आली म्हणून उघडायला लावलं तर? ब्रिटनमध्ये बांधकामासाठी जेसीटी नावाचे तयार नमुन्याचे करार वापरतात, त्यांचा न्याय मला सरळ वाटतो: उघडल्यावर काम करारानुसार निघालं तर खर्च मालकाचा, सदोष निघालं तर ठेकेदाराचा. तुमच्या करारात हे दोन्ही घाला.

शब्द असे ठेवता येतील: ‘परिशिष्टात नमूद केलेले कोणतेही काम झाकण्यापूर्वी ठेकेदार मालकास व त्याच्या अभियंत्यास किमान ४८ तास आधी लेखी कळवेल व लेखी मंजुरीशिवाय ते झाकणार नाही. न कळवता झाकलेले काम मालकाने सांगितल्यास ठेकेदार स्वखर्चाने उघडून दाखवेल व पूर्ववत करेल. अशा तपासणीमुळे अथवा मंजुरीमुळे सदोष कामाबाबत ठेकेदाराची जबाबदारी कमी होणार नाही.’

शेवटचं वाक्य वगळू नका. ते नसेल तर वर्षभराने तुम्हाला ऐकावं लागेल, ‘तुम्हीच तर पाहून सही केलीत.’ सळ्या मोजून सही करणारा माणूस काँक्रीट कसं मिसळलं याची हमी देत नसतो. पण हे कागदावर नसलं तर प्रत्येक मंजुरीच्या सहीबरोबर थोडी थोडी जबाबदारी तुमच्याकडे सरकत जाते.

तपासणार कोण, याबद्दलही बोलायला हवं. लोक समजतात की आर्किटेक्ट नेमला म्हणजे काम तपासलं जाणारच. त्याच्याशी झालेला करार काढून वाचा. ‘देखरेख’, ‘भेटी’, ‘निरीक्षण’ आणि ‘तपासणी’ हे एकाच अर्थाचे शब्द नव्हेत. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेच्या प्रमाणित अटींमध्ये तर स्पष्टच आहे, की आर्किटेक्ट अधूनमधून साइटला भेट देईल, पण सर्वंकष किंवा सतत तपासणी करायला तो बांधील नाही. यात लबाडी नाही. त्याची फी तेवढ्याच कामाची असते. पण म्हणूनच होल्ड पॉइंटवर सही कोणाची चालेल, त्या माणसाशी तुमचा वेगळा करार आहे का, आणि त्यात त्या भेटी मोजून लिहिल्यात का, हे बघा. ठेकेदाराच्याच पगारी इंजिनिअरने ठेकेदाराचं काम पास केल्याचे कागद मी भरपूर पाहिलेत. सुंदर अक्षरात असतात.

चाचण्यांबाबत थोडक्यात. ‘काँक्रीट चांगल्या दर्जाचे असावे’ याला काही किंमत नाही, आणि ‘मालकाचे समाधान होईल असे’ याला त्याहून कमी, कारण समाधान मोजता येत नाही आणि वादात दोन्हीकडून ताणलं जातं. करारात तीन गोष्टी हव्यात: कोणतं मानक, किती नमुने, आणि नापास झालं तर पुढची पायरी कोणती. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे म्हणजे क्यूब भरतात. सातव्या दिवशीचा निकाल अंदाजासाठी, पास-नापास ठरतं ते २८व्या दिवसाच्या निकालावर. म्हणजे स्लॅब नापास आहे हे कळेपर्यंत त्याच्यावर पुढचा मजला उभा राहिलेला असू शकतो. अशा वेळी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर ठेकेदार रिबाउंड हॅमर घेऊन येतो, टकटक करतो आणि आकडा दाखवतो. ते हत्यार पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतं. शंकेची जागा शोधायला चांगलं, निवाडा करायला नाही. निवाड्यासाठी त्या जागेतून कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल तुकडा, काढून तोडून बघतात. भारतीय मानक आयएस ४५६ आणि अमेरिकन काँक्रीट संहिता इथे जवळपास एकच कसोटी लावतात: तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या निदान ८५ टक्के, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. करारात मानकाचं नाव असलं की हे सगळं आपोआप आत येतं. कोअर काढायचा खर्च कोणाचा, तेवढं मात्र स्वतः लिहावं लागतं. वर झाकलेल्या कामासाठी सांगितलेला न्यायच इथे लावा.

मग येतो काम पूर्ण होण्याचा दिवस. मसुद्यात याला ‘काम पूर्ण झाल्यावर’ एवढंच म्हटलेलं असतं, जणू तो सूर्योदयासारखा सगळ्यांना एकाच वेळी दिसणार आहे. खरं तर हा करारातला सगळ्यात मोठा सांधा. या दिवसापासून उशिराचा दंड थांबतो, इमारतीची जोखीम तुमच्याकडे येते, राखून ठेवलेल्या रकमेचा, म्हणजे रिटेन्शनचा, सहसा अर्धा भाग सुटतो आणि दोष दुरुस्तीच्या मुदतीचं घड्याळ चालू होतं. त्यामुळे ठेकेदाराला हा दिवस लवकर हवा असतो आणि मालकाला उशिरा. ठेकेदाराने काम पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्यावर उत्तर देणं फार महत्त्वाचं. फिडिकच्या १९९९च्या करारात अभियंत्याला प्रमाणपत्र द्यायला किंवा कारणं देऊन नाकारायला २८ दिवस असतात. दोन्ही केलं नाही आणि काम बहुतांशी करारानुसार झालेलं असेल तर २८व्या दिवशी ते दिलं असं मानलं जातं. पेन्सिलीचा आणखी एक गोल.

शंभर टक्के निर्दोष काम मिळेपर्यंत ताबा घ्यायचा नाही, असं बरेच मालक ठरवून बसतात. हे बहुधा टिकत नाही. इंग्लंडमधलं २०१९चं मिअर्स विरुद्ध कॉस्टप्लॅन प्रकरण इथे बघण्यासारखं आहे. प्लिमथला विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधलं जात होतं. खोलीचा आकार ठरल्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त घटला तर तो मोठा बदल समजला जाईल, असं करारात होतं. पन्नासहून जास्त खोल्या त्याहून लहान निघाल्या. मोठा बदल म्हणजे मोठा भंग, आणि मोठा भंग असताना काम पूर्ण म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद झाला. अपील न्यायालयाने तो मानला नाही. कराराचा भंग झाला हे खरं. पण प्रत्येक भंग काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र अडवण्याइतका गंभीर असतोच असं नाही. दोष किरकोळ आहे की नाही हे त्या त्या कामात बघायचं, आणि तो दुरुस्त होण्याजोगा नाही एवढ्यावरून ते ठरत नाही. ज्यांना आकार खरोखर महत्त्वाचा होता त्यांनी ‘आकार कमी असल्यास काम पूर्ण मानले जाणार नाही’ असं सरळ लिहायला हवं होतं. तुमच्यासाठी अशा गोष्टी कोणत्या? चाकाच्या खुर्चीला लागणारी दाराची रुंदी? गाडी आत येण्याइतकी उंची? त्या दोन-चार गोष्टी नावानिशी लिहा. उरलेल्या बारीकसारीक उणिवा स्नॅग लिस्टमध्ये, म्हणजे नंतर दुरुस्त करायच्या गोष्टींच्या यादीत, जातील. तिथे प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि रोखून ठेवलेली रक्कम असू द्या. तारखेशिवायची यादी म्हणजे नुसती इच्छा.

डिफेक्ट लायबिलिटी पिरियड या शब्दाबद्दलचा गैरसमज दोन्ही बाजूंना असतो. या मुदतीत ठेकेदाराने परत येऊन स्वतः दोष दुरुस्त करायचे असतात. ते त्याचं कर्तव्य आहे आणि एका अर्थी हक्कही, कारण तुम्ही त्याला न सांगता दुसऱ्याकडून काम करून घेतलंत तर पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही. मुदत संपली म्हणजे जबाबदारी संपली, असं मात्र सहसा नसतं. तेव्हा संपतो तो परत येऊन दुरुस्त करण्याचा भाग. सदोष कामाच्या भरपाईचा हक्क दावा लावायच्या कायदेशीर मुदतीपर्यंत राहतो. शिवाय बऱ्याच देशांत करारापलीकडची हमी कायदाच देतो. फ्रान्समध्ये इमारतीच्या मजबुतीवर घाला घालणाऱ्या दोषांना १० वर्षं. भारतात २०१६च्या रेरा कायद्याने प्रवर्तकावर, म्हणजे विकासकावर, ताब्यापासून ५ वर्षांची जबाबदारी टाकली आहे. तुमचा व्यवहार कोणत्या कायद्याखाली येतो ते वकिलाला विचारा, कारण स्वतःच्या जमिनीवर ठेकेदाराकडून बांधून घेणं आणि विकासकाकडून घेणं यांना नियम वेगळे लागू शकतात.

याच मुदतीच्या टोकाला एक कागद येतो: अंतिम प्रमाणपत्र. त्यावर सही करताना हात आखडता घ्या. १९९४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने क्राउन इस्टेट आणि मोलेम यांच्या प्रकरणात असा अर्थ लावला, की त्या वेळच्या जेसीटी करारानुसार दिलेलं अंतिम प्रमाणपत्र म्हणजे माल आणि कारागिरी करारानुसार असल्याचा निर्णायक पुरावा. म्हणजे नंतर भिंतीतून काहीही निघालं तरी दार बंद. पुढे त्या करारांचे शब्द बदलावे लागले. तुमच्या मसुद्यात ‘अंतिम’ आणि ‘निर्णायक’ हे शब्द एका वाक्यात आले असतील तर ‘सुप्त दोष वगळून’ ही पुरवणी मागा.

सुप्त दोष म्हणजे वाजवी काळजी घेऊन पाहिलं तरी त्या वेळी न दिसणारा दोष. दिसण्याजोगा तो प्रकट दोष. तडा गेलेली टाइल प्रकट; तिच्याखाली वॉटरप्रूफिंगच नाही, हे सुप्त. हा भेद तुमच्या दुसऱ्या वाक्याची किल्ली आहे.

‘खरेदीदाराने मिळकत प्रत्यक्ष पाहिली असून समाधान झाले आहे.’ खरेदी-विक्रीत मूळ तत्त्व विक्रेत्याच्या बाजूचं आहे: जे डोळ्यांना दिसतं ते घेणाऱ्याने बघून घ्यावं. भारताचा १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विक्रेत्यावर उलटं ओझं टाकतो ते मर्यादित: मिळकतीतला असा महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे, जो त्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला कळला नसता. तेही करारात याविरुद्ध काही ठरलं नसेल तर. आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. ‘पाहिली’ म्हटल्याने प्रकट दोष तुमच्याकडे आले, ते ठीक आहे. ‘समाधान झाले’ या शब्दांनी सुप्त दोषही तुमच्याकडे ढकलायचा प्रयत्न चाललाय. त्याला ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द जोडलेले असतील तर प्रयत्न अधिकच उघड.

तुम्ही तपासनीस नेमणार असाल तर त्याच्या अहवालाचं शेवटचं पान आधी वाचा. तपासणी फक्त डोळ्यांनी, सहज पोचता येईल तिथे, काही न फोडता, काही न हलवता. आणि चूक झाली तर भरपाई फीपुरती, असं तिथे बहुतेक वेळा असतं. कपाट भिंतीला लावलेलं असेल तर कपाटामागची भिंत तपासलीच गेली नाही. ओल बरोबर कपाटामागे असते. म्हणून विक्रेत्याकडून आधी लेखी परवानगी घ्या: सामान हलवायची, ओलावामापक लावायची, गच्चीवर पाणी साठवून बघायची.

बयाणा देण्याआधीच तपासणीची मुदत मागा, निदान १० दिवस, आणि तेवढ्यात मोठा दोष निघाला तर बयाणा परत घेऊन बाहेर पडायची मोकळीक. ‘मोठा’ कशाला म्हणायचं तेही ठरवा. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या अमुक टक्क्यांवर गेला तर, असं लिहिलं की वाद कमी होतो. दिवस मोजायला सुरुवात कुठून, हेही बघा: सहीपासून की चावी मिळाल्यापासून. चावी आठव्या दिवशी देऊन दहा दिवसांची मुदत पाळल्याचं दाखवणारे विक्रेते असतात.

आणि ते वाक्य काढून त्याजागी हे सुचवा: ‘खरेदीदाराने मिळकत अमुक तारखेला, सोबत जोडलेल्या अहवालातील मर्यादेत पाहिली आहे. विक्रेत्यास माहीत असलेले गळती, तडे, दुरुस्त्या व अनधिकृत बदल त्याने परिशिष्टात लिहून दिले आहेत. त्याखेरीज अन्य काही आपणास माहीत नाही असे तो सांगतो.’ विक्रेता याला तयार झाला तर बरंच. नाही झाला, तर कोणत्या शब्दापाशी अडला ते नीट ऐका. एकदा असाच एक विक्रेता सगळ्याला हो म्हणाला, फक्त ‘दुरुस्त्या’ हा शब्द काढा म्हणाला. आम्ही त्याच दिवशी शिडी मागवून गच्चीवर चढलो.